दगडफूल निवडताना

फॉर्मची शेवटची तारीख तीस.
आज अठ्ठावीस, आणि मी गोळीबार चौकातल्या
आमच्या मागच्या खोलीत
सुपात दगडफूल निवडत बसले आहे
नाकाला ओढणी बांधून.
तीन सावजी खानावळी, शनिवारची ऑर्डर,
अकरा किलो.

तीन वर्षं संपली की पदवी.
आणखी एक दिलं की त्याच पदवीपुढे
कंसात दोन शब्द : ऑनर्स, संशोधनासह.
"कंसाचे सुट्टे भेटतात का कुठं?"
बाबांनी विचारलं.
ते विनोद करत नव्हते.
माग विकला त्या वर्षापासून
सगळंच ते सुट्ट्यात मोजतात.

निकिता मिहानमध्ये लागली.
साडेअठरा हजार, न्यायला कॅब, रात्रपाळीला जेवण.
माझंही नाव तिनं सांगून ठेवलंय.
"पंधरापर्यंत थांबतील गं. मग नाही."

मार्चमध्ये लांजेवार मॅडम मला
सेमिनरी हिल्सवर घेऊन गेल्या, भर दुपारी,
एका सालीला भिंग लावलं, म्हणाल्या, बघ.
राखी-हिरवा गोल डाग,
रुपयाएवढाही नाही,
कडेला मात्र झालर, कुणीतरी बसून विणल्यासारखी.
"वर्षाला एक मिलिमीटर वाढतं. कधी तेवढंही नाही.
धूर आला की आधी हे जातं.
इथून कोराडीकडे झाडं मोजत जा,
कुठल्या झाडापाशी डाग संपतात ते लिही.
माझ्या माहितीत कुणी लिहिलेलं नाही."

कुणी लिहिलेलं नाही.
मेट्रोत बसले तरी ते वाक्य शेजारी बसलेलं.
आधी भीती वाटली.
नंतर, खरं सांगते, हाव सुटली.

वर्षाला एक मिलिमीटर.
त्याच वर्षात आमच्याकडे
दोन लाख बावीस हजार येणार नाहीत,
धाकट्याची पॉलिटेक्निकची फी मात्र येईल, दोनदा.
आणि शेवटी मला जर सापडलंच नाही काही?
झाडं मोजली, डाग मोजले,
आणि आकडे नुसते आकडेच राहिले तर?
मॅडम म्हणतात, तेही लिहायचं असतं.
मॅडमना पगार आहे.

फॉर्मवर एक चौकोन आहे :
आपणांस संशोधन का करावेसे वाटते? शंभर शब्दांत.
'मला विज्ञानाची आवड आहे' लिहिलं, खोडलं.
आवड मला झोपेचीही आहे.

आई सूप ओढून घेते.
"हे पाह्य, हे फेक. याले वासच नाही.
मी लग्न होऊन आली तं चिमूटभर पुरत होतं,
आता मूठ टाकून राहिली मी.
काऊन असं झालं, विचार न तुझ्या मॅडमले."

मी तिच्याकडे बघत राहते.
अठ्ठावीस वर्षांच्या नोंदी,
सगळ्या नाकात.

मग उगाच शहाणपणा करते :
आई, हे फूल नाहीच मुळी.
एक बुरशी असते, एक शेवाळ,
दोघांनी मिळून दगडावर बिऱ्हाड केलेलं.
"मंग दोघंही कमावतात का?"
नाही. एक कमावतं.
दुसरं आडोसा देतं, पाणी धरून ठेवतं.

आई हसत नाही. कढई चढवते.
"तुझ्या बापाले असं सांग,"
म्हणते, आणि खोकत खोकत
मिरच्या ओतते.

मी फोन उघडते, चौकोनात लिहिते :
आमच्या घरी दगडफूल आता मूठभर लागतं.
सहा शब्द.
चौऱ्याण्णव उरले, आणि दोन दिवस,
आणि बाहेर बाबांची स्कूटर, स्टँडवर लागतानाचा तो आवाज.

वरून निकिताचा मेसेज उतरतो : काय ठरलं?
उत्तर देत नाही.
हात मसाल्याचे आहेत.
हे खरंच आहे.