मागचं पान

नकुलनं पुन्हा मारलं.
धनश्रीच्या कपाळावर, डब्याच्या झाकणानं.
परवा लाभेशला चावला होता,
त्याआधी भिंतीवरच्या कागदी मोराला.

अंगणवाडीच्या नोंदवहीत
वजन आहे, उंची आहे, दंडाचा घेर आहे.
मारण्याला रकाना नाही.
मी मागच्या पानावर लिहू लागले, पेन्सिलीनं:
सोमवारी, खिचडी वाढण्याआधी.
बुधवारी, खिचडी वाढण्याआधी.
गुरुवारी त्याचा लाकडी बैल कुणी उचलला.
शनिवारी काही नाही. शनिवारी आई सोडायला आलेली,
दारात बराच वेळ थांबलेली.

कोकिळाबाई म्हणते, बापावर गेलंय पोरगं.
असेल. पण बाप सुरतेला, साड्यांच्या मिलमध्ये,
दिवाळीपासून आलेला नाही.
फोनमध्ये दिसतो, अडकत अडकत.

मी झाकण हिसकावून घेतलं
आणि माझाच हात वर गेला,
मारू नये, हे शिकवायला.
तो दचकला नाही.
हाताकडे बघत राहिला,
फळ्याकडे बघावं तसा.
वर गेलेला हात कुठे ठेवावा कळेना.
मग पदर सारखा केला.

वर्षभर त्याला सांगत आलेय,
"असं करू नये बाळा, मित्राला सॉरी म्हणावं."
घरी मी असं बोलत नाही.
त्याच्याही घरी कुणी बोलत नसणार.

खाली बसले. गुडघे वाजले.
विचारलं, "काय व्हयनं रे?"

बोरीच्या कोरड्या पात्रात झिरा उकरला
की आधी गढूळच येतं.
आधी शेंबूड आला, मग उचकी,
मग बराच वेळ नुसता आवाज,
आणि सगळ्यांत शेवटी,
"मन्हं शे."

एवढंच. साडेतीन वर्षांच्या अंगात
शब्द फार खोल असतात,
हात खांद्यालाच असतो.

धनश्रीच्या टेंगळावर हळद लावली.
तिला यातलं काही सांगितलं नाही.
तिला दुखलं होतं, तेवढं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी, खिचडीच्या आधी,
नकुल लाभेशसमोर उभा राहिला,
म्हणाला, "मन्हं शे."
आणि मग मारलं.

कोकिळाबाई हसली, "घ्या!"

पण आधी म्हणाला.
मागच्या पानावर मी तेवढंच लिहिलं,
या वेळी पेननं.