मोकळी जागा

सत्त्याऐंशी साली, बेलापूरच्या कचेरीत,
दुसऱ्या मजल्यावर पंख्याखाली वाकून
मी ही बाग काढली.
काढली म्हणजे काय, उरली.
बी टाईपच्या रांगा बसवून झाल्या,
शाळा बसली, दवाखाना बसला, पाण्याची टाकी,
आणि खाडीच्या अंगाला एक त्रिकोण राहिला
ज्यात काहीच काटकोनात मावेना.
साहेब म्हणाले, हिरवा भरा, देवस्थळी.
मी भरला. वर लिहिलं: मोकळी जागा.
जाऊन पाहिली मात्र नाही.
साडेपाच झाले होते, नेरूळची बस पावणेसहाची.

आता रोज त्याच त्रिकोणात चालतो.
एक फेरी चारशे दहा पावलांची.
डॉक्टरांनी सांगितल्यात आठ,
मी करतो पाच,
घरी सांगतो सात.

टोकाशी, तलावाकडे,
वाट उगीचच एक वाकडं वळण घेते.
लोकांना वाटतं, कुणाची तरी सौंदर्यदृष्टी.
मला माहीत होतं
तिथं माझी पट्टी घसरली होती.

पोरं घसरगुंडी उलटी चढतात.
चेंडू तलावात गेला की आऊट,
आणि आणायचा मारणाऱ्यानंच.
वरदराजन मास्तर सोसायटीच्या भांडणाची फाईल
बाकावर उघडून बसतात, वाचायला कुणी मिळेल म्हणून.
हास्यक्लबातल्या बायका खोटं हसता हसता
एकदम खऱ्या हसायला लागतात
आणि मग कुणालाच थांबवता येत नाही.

फाटकावर जोमा तांडेल.
मनगटावर घड्याळ आहे, पण शिट्टी मारतो
ती तलावाच्या दारांतून येणारं पाणी बघून.

परवा सांगितलं त्याला, थोडं मिरवतच,
ही बाग मी काढली.
नकाशात ही मोकळी जागा होती.
शर्टाच्या टोकाला शिट्टी पुसत तो म्हणाला,
"मोकली? मोकली कवा व्हती?"

मग पुढे चालू लागला, शिट्टीनं दाखवत.
घसरगुंडीपाशी खाजणाचं तोंड.
बाकांच्या रांगेत मिठाचे वाफे, बारा,
तेरावा वाफा चुलत्याशी भांडणात गेलेला.
योगाच्या ओट्याखाली उघाडी,
तिच्या फळ्या आई भरतीआधी लावायची,
कडेवर तो.
वरदराजनांच्या फाईलखाली
चिंबोऱ्यांची बिळं.

वळणाशी आल्यावर थांबला.
"आन यो माजे आज्याचा बांद.
असाच वाकरा व्हता. तुमी बरा ठेवला."

मी काही ठेवला नव्हता.
पण मग आठवलं, ट्रेसिंग कागदाखाली
जुनी मोजणी होती,
तिच्यावर एक फिकट रेघ.
दिव्याच्या उजेडात वर येत असे.
पट्टी घसरली नसेल.
हातच तिच्यावरून गेला असेल,
मला न विचारता.

जोमानं शिट्टी मारली. आठच वाजले होते.
पोरं ओरडली, एवढ्यात का?
"उधान हाय," तो म्हणाला, आणि फाटकाकडे गेला.
वळणापाशी गवत खालून ओलं होत होतं.

घरी हिनं विचारलं, किती झाल्या?
म्हटलं, अर्धी.
चष्म्यावरून बघत राहिली माझ्याकडे,
आणि मग चपलांकडे,
ज्यांच्या कडेला पांढरं काहीतरी
सुकत आलं होतं.