खर्ज

ब्लायनाऊत, खाटकाच्या दुकानामागे
योरवर्थने लेबलची पहिली तबकडी भरली
तेव्हा शीतपेटी बंद करता येईना –
आत कुणाच्या तरी लग्नाचं मटण.

तीनशे प्रती. खपल्या एकेचाळीस.
उरलेल्या खोक्यांवर गादी टाकून
नेस्टा बाळंत झाली.

पत्रं आली ती फार पुढे:
आधी बँगोरहून, मग ओसाकाहून.
वेल्शचं अक्षर न कळणारी पोरं
गाणी म्हणत होती, आमच्या चुकांसकट.

आज लंडनहून एक निर्माता विचारतो,
त्या सगळ्या गाण्यांखाली जो खर्ज आहे
ते वाद्य कोणतं? आमच्या पोरांना हवंय.

योरवर्थ गप्प.
पेटी भंगारात जाऊनही वीस वर्षं झाली.

नेस्टा रिसीव्हर ओढून घेते,
ओठ मिटून
तो लावते.