चौकशी

एकोणीस वर्षं मी गावांची नावं घेते.
ठक्कर बाजार स्टँड, चौकशीची खिडकी,
माइकला फडकं गुंडाळलेलं:
सटाणा मार्गे नामपूर, फलाट सहा.
हरसूल, फलाट अकरा.
सुरगाणा मुक्कामी गाडी लागलेली आहे.
लागलेली आहे, एवढंच. निघेल कधी, ते ड्रायव्हर जाणे.

यातल्या एकाही गावी मी गेलेले नाही.

मार्चात माइक बंद झाला.
आठ दिवस भाजी निवडताना तोंडातून आपोआप
पेठ, करंजाळी, ननाशी.
लेक म्हणायची, आई, कुणी चढणार नाहीये.

मे महिन्यात कॉलनीतल्या पोळ्या गोळा करून
आम्ही आडगाव नाक्यावर उभ्या राहायचो, पहाटे,
ऊन चढायच्या आत.
मुंबईकडून माणसं यायची, पायी.
एकाच्या सायकलला मागे टेबलफॅन बांधलेला.
नाव बैजनाथ. सेंधवा किती लांब, त्यानं विचारलं.

फलाट दोन, हे ओठांपर्यंत आलं होतं.
ते गिळून म्हणाले, सात तास.
मला तेवढंच माहीत होतं.

सात तासांत पायी
फार तर पिंपळगाव बसवंत येतं.
त्यानं मान हलवली, बाटली भरून घेतली.
सायकल हलली तसं फॅनचं पातं
वाऱ्यानं आपलं आपण फिरत गेलं.

ऑगस्टात गाड्या सुटल्या.
बावीस माणसं, एकाआड एक शीट,
मधल्या शिटांवर रंगाच्या फुल्या.
दोघी जावा फुलीवरून ओरडून बोलायच्या,
अख्ख्या गाडीला घरातलं कळायचं.
खिडकीशी प्रश्न बदलले.
आधी विचारायचे, गाडी कधी आहे?
आता विचारतात,
परतीची आहे ना?

साप्ताहिक सुट्टीला मी हरसूलचं तिकीट काढलं.
कंडक्टर भोये ओळखीचा. काय काम काढलं, टापरेबाई?
काही नाही, म्हटलं. बघते, किती लांब आहे.

गिरणारे गेलं.
वाघेऱ्याच्या घाटात गाडी पहिल्या गिअरवर आली.
कडेनं एक माणूस चढत होता,
खांद्यावर पत्र्याची पेटी.
बराच वेळ तो माझ्या खिडकीतच होता.
मग मागच्या.
तो दिसेनासा होईपर्यंत
मी मान वळवून बसले होते.