वगळलेली फ्रेम

जानेवारीपासून मी एकच जागा टिपतोय.
उर्तादोच्या दरीवर, शिडांच्या तारकासमूहात,
जिथे अकराएक हजार वर्षांपूर्वी एक तारा फुटला
आणि त्याची राख अजून निवलेली नाही.
नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच नाही.
इस्मेनियाला बोट धरून दाखवलं, तर म्हणाली,
"एलेउतेरिओ, म्हाताऱ्या, हा तर काळोख."
खरंच होतं तिचं.

एका फ्रेमला वीस मिनिटं.
ऑक्सिजनच्या फिल्टरमधून इतकं कमी झिरपतं
की पडद्यावर येतो नुसता करडा रवा.
मग फ्रेमवर फ्रेम रचायची. साठ, नव्वद, दोनशे.
जे सगळ्यांत थोडं थोडं आहे
ते सायीसारखं वर धरतं,
आणि जे एकदाच आलं,
उपग्रह, विमान, वळणावरचा ट्रक,
ते गणितच खोडून टाकतं.

तीस वर्षं तांब्याच्या खाणीत वायरिंग केलं मी.
अंधाराला घाई खपत नाही, एवढं कळतं.

जूनमधली रात्र. समुद्रावरचं धुकं
दरीच्या तोंडाशीच थबकलेलं.
एकशे बारावी फ्रेम, सातवं मिनिट,
आणि इस्मेनियाच्या गोठ्यातून
विजेरीचा झोत सरळ वर.
शिवी ओठांपर्यंत आली,
तेवढ्यात तिची हाक.
शटर उघडंच टाकून मी पळालो.

शेळी अडली होती. करडू उलटं.
तिने बाही सारली, मी विजेरी धरली,
माझा हात कापत होता, तिचा नाही.
"नीट धर," ती म्हणाली, "आकाशाकडे नको, इकडे."
मग ते बाहेर आलं, वाफाळतं, चिकट,
उभं राहायला गेलं, पडलं,
पुन्हा गेलं.

काल रचून झालं सगळं.
तांबूस जाळी, मधून निळसर हिरवे धागे,
कुणीतरी उसवून तसंच टाकून दिलेलं विणकाम.
खाली वगळलेल्यांची यादी.
एकशे बारा: डावीकडून पांढरी पडलेली.
पुन्हा घडलं नाही, म्हणून चूक.
तो तारा तरी कितीदा फुटला होता?

चित्र इस्मेनियाने हात लांब करून पाहिलं,
चष्मा शोधला, सापडला नाही.
"आपल्या इथलं?"
"आपल्या वरचं."
"हं," म्हणाली, आणि चीज दिलं अर्धा किलो.

एकशे बारावी पुसलेली नाही मी.
करडाचं नाव तिने ठेवलंय फोको, म्हणजे दिवा.
सध्या ते माझी केबल चघळतंय.