आठवा प्लग

तातोला आता वरच्या पट्टीतलं ऐकू येत नाही.
धान्याच्या एलिव्हेटरमध्ये एकतीस वर्षं,
पट्ट्यांच्या खडखडाटाखाली.
कान आधी गेले, पेन्शन मागून आली.
किटलीची शिट्टी गेली, चिमण्या गेल्या,
माझ्या आवाजाचा वरचा अर्धा भाग गेला.
त्याच्या डॉजची टकटक मग कुठून राहणार?

ती ऐकली मी.
एप्रिलचा शेवट, कॅनोराच्या रस्त्याकडेला
अजून मळक्या बर्फाचे ढीग.
इंजिन गार असताना टक-टक-टक,
तापलं की ओसरायची,
मागे पिंपं भरली की पुन्हा.
म्हटलं, तातो, काहीतरी वाजतंय.
म्हणाला, ट्रक आहे, दार्का. वाजणारच.

पण बॉनेट उघडलं.
आणि सुरू झाली माझी उलटतपासणी:
आवाज लोखंडाच्या आतला की बाहेरचा?
गॅस दिला की दुप्पट होतो की नुसता मोठा?
मी म्हटलं, कुणी सुयांनी विणतंय तसा.
कुठल्या सुया? ॲल्युमिनियमच्या की स्टीलच्या?
मी हसले. तो हसला नाही.

मग त्याने फूटभर लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
मूठ दातांत धरली,
टोक टेकवलं इंजिनवर,
आणि डोळे मिटले.
कानांनी टाकलेलं काम
जबड्याच्या हाडाने उचललं होतं,
मला न सांगता, कोण जाणे कधीपासून.
डावी बाजू संपली. उजवी.
पाचवा नाही. सातवा नाही.
अगदी मागे, केबिनच्या पत्र्याला चिकटून,
जिथे हात जाताना कातडी सोलते,
तिथे त्याचा जबडा थांबला.
"आठवा," दातांतूनच म्हणाला.

साबणाचं पाणी ओतलं. फुगे आले, फुस् फुस्.
पान्याची गरजच पडली नाही,
प्लग दोन बोटांत फिरून हातात आला.
"कोणी बसवला हा?" तातोने विचारलं.
मागच्या ऑक्टोबरनंतर
या बॉनेटला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.
त्याचा उजवा अंगठा आता शर्टाचं बटणही लावत नाही.
म्हटलं, थंडीने सैल होतात.
असं काही होत नसतं.
त्याने मान हलवली, म्हणाला, "हो, थंडीने."

अंड्यांच्या रिकाम्या खोक्यात आठ जुने प्लग:
सात रायच्या पावाच्या कडेसारखे, नीट भाजलेले,
एक काजळलेला, चुलीतून काढल्यासारखा.

दुकानात काउंटरवर रोमेल.
बाकोलोदहून आला, इथे चौथा हिवाळा,
पण कुठल्या इंजिनला कुठला प्लग, तोंडपाठ.
त्याने इरिडियमचे ठेवले समोर:
एक लाख साठ हजार किलोमीटर, काका, पाहायला नको.
मग प्लॅटिनम. मग, जरा नाइलाजाने, साधे तांब्याचे:
हे तीस हजारांत उतरतात.
तातोने बराच वेळ खोकी हातात फिरवली.
तो वर्षाला चार हजारही चालवत नाही:
चर्च, कर्लिंगचं मैदान, औषधाचं दुकान.
"तांब्याचे," तो म्हणाला.
पैसे मी देते, म्हटलं, इरिडियम घे.
"तांब्याचे. दर एप्रिलला बदलावे लागतात."
रोमेल काहीतरी बोलणार होता.
मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पावती फाडली.

अंगणात गॅप त्याने लावली,
पस्तीस हजारांश इंच, पातं फटीत सरकवून,
थोडं अडलं पाहिजे, म्हणाला,
गार लोण्यात सुरी अडते तितकं.
आवळले मी.
हाताने टेकेपर्यंत, मग पाव फेरा.
आठव्याला त्याने पाव फेरा मोठ्याने मोजायला लावला
आणि मी मोजला, सोललेल्या मनगटाने.

डॉज पहिल्या किल्लीला उठला.
गुळगुळीत. जवळजवळ.
डाव्या बाजूला, खूप आत,
एक बारीक टिक्, मग बराच वेळ काही नाही, मग टिक्.
व्हॉल्व्ह असेल. मरत नाही त्याने कुणी.
तातो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता,
स्क्रूड्रायव्हर अर्धवट उचललेला.
"वाजतंय का काही?"

विनिपेगपर्यंत पाच तासांचा रस्ता,
आणि सोमवारी सकाळची पाळी.
नाही, म्हटलं.
केला कानाडोळा.
राहू दे एवढं, पुढच्या एप्रिलला.