उंट खोडला

माझी चिचुंद्री आजवर सात देश फिरली.
मी फक्त एकदा बोरघाट उतरले,
तेही चुलतबहिणीच्या लग्नाला, आणि रात्रीच परत.

चिचू मूळची गुलटेकडीची. मार्केट यार्डात,
कांद्याच्या पोत्यामागे जन्मली.
दिसतं बेताचं, पण वास साऱ्या जगाचा येतो तिला,
आणि जगाला तिचा.
पोत्यातून ट्रकमध्ये, ट्रकमधून जहाजात,
जहाजातून थेट पुढच्या पुस्तकात.
बत्तीस पानं, चाळीस रुपये,
मागच्या पानावर त्या देशाचा झेंडा, रंगवायला.

जपानात तिने पंखा घेतला. रशियात बर्फावरून घसरली.
हॉलंडमध्ये पवनचक्कीत अडकली शेपूट.
मला काय ठाऊक असणार?
अप्पा बळवंत चौकात रद्दीत मिळालेला एक ॲटलास,
मुखपृष्ठ फाटलेला,
आणि आत सोव्हिएत संघ अजून शाबूत.

आठवा देश येमेन.
मी उंट घातला. वाळू घातली, ढीगभर.
खजुराचं झाड, आणि त्याखाली
येता-जाता ‘या हबीबी’ म्हणणारा एक दाढीवाला.

छापण्याआधी पोरांपुढे वाचून बघते मी नेहमी.
कोंढव्यातली शाळा, शनिवार, चौथी ब.
उंटाच्या नाकात चिचू शिरली
तेव्हा बाकं बडवली पोरांनी.
तिसऱ्या बाकावरची एक तेवढी हसेना.
अरवा. लाल रिबिनी, बाबा विद्यापीठात कसलासा अभ्यास करतात.
मराठी माझ्या भाच्यांपेक्षा स्वच्छ, फक्त ‘ळ’ जरा ओला.

“बाई, आमच्याकडे उंट नव्हता.”
“अगं, पण येमेनमध्ये...”
“सनामध्ये थंडी असते. डोंगर असतात.
आम्ही पाचव्या मजल्यावर राहायचो. मातीच्या.”

पाच मजले, मातीचे?
सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला
आणि मी खिडकीबाहेर.

ती उठली, खडू घेतला.
उंच, अरुंद घर. खिडकीवर अर्धा चंद्र, त्यात रंगीत काचा.
“सकाळी जमिनीवर लाल-निळं सांडतं.
आम्ही लालवर उडी मारायचो, निळ्यावर पडलो की बाद.”
खाली पूर्वी शेळ्या असत म्हणे. आता आजोबांची सायकल.

“मग चिचू आली तर आजी काय करेल?”
मुदस्सर बागवानने विचारलं. त्याच्या अब्बांचा यार्डात गाळा,
चिचूचा तो गाववालाच.
“चप्पल मारेल.”
“माझी दादी पण!”
“आमची आजी तर झाडूच!”
एकेक जण उठून आपापल्या आजीचा नेम सांगू लागला.
सात देशांत मी चिचूला पाहुणचार लिहिला होता.
खरं तर तिला कुठेच थारा नव्हता.

गलबला ओसरला तरी अरवा फळ्यापाशीच.
दाराच्या खालच्या कोपऱ्यात तिने बोटाने
खडू पुसून एक भोक पाडलं.
“हे खरंच आहे. आजी आता मामाकडे असते,
घराला कुलूप आहे.
पण भोकाला कुलूप नसतं ना, बाई?”

घंटा झाली. मला उत्तर द्यावं लागलं नाही.

स्वारगेटच्या बसमध्ये मांडीवर कागद घेऊन
आधी उंट खोडला. मग वाळू.
झाडाची गरज उरली नाही.
दाढीवाल्याला राहू दिलं, त्याचं ‘हबीबी’ काढून घेतलं
आणि त्याला सायकल दिली.

चिचू आता दारापाशी आहे.
मिशा हलवतेय, नाक भोकात.
आत कसला वास असेल?
निघताना मुदस्सर जिन्यात म्हणाला होता,
“अरवाच्या डब्याला रोज मेथीचा वास येतो, बाई.”

मी लिहिलं, मेथी.
बस गचकली, अक्षर वाकडं झालं.
त्यापुढे एक प्रश्नचिन्ह करून ठेवलंय.
सोमवारी विचारीन.